एका सेकंदाचं हेलिकॉप्टर

२९ जून १९९२. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठावर रिचमंड नावाचं गाव आहे. त्याच्यावरून एक छोटं दोन सीटचं हेलिकॉप्टर चाललं होतं. आत एक इन्स्ट्रक्टर आणि एक विद्यार्थी. विद्यार्थ्याने टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता, त्यात सगळा तास रेकॉर्ड होत होता. इन्स्ट्रक्टरचं नेहमीचं शिकवणं सुरू आहे, आवाजात कुठेही घाई नाही, भीती नाही. आणि मग बोलता बोलता वाक्य तुटतं, मोठा आवाज होतो, आणि संपलं. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरच्या फिरत्या पात्याने हेलिकॉप्टरच्याच अंगावर घाव घातला होता. हवेतच तुकडे झाले. दोघेही गेले.

ही टेप नसती तर हा अपघात फाइलमधल्या आणखी एका कागदावर संपला असता. हेलिकॉप्टरचं मॉडेल होतं रॉबिन्सन आर-२२, आणि अशा अपघातांची आर-२२ च्या नावावर तोवर बरीच नोंद झाली होती. चौकशीचा शेवट बहुतेक वेळा एकच: पायलटने रोटरचा वेग सांभाळला नाही. इतक्या लहान यंत्रात ब्लॅक बॉक्स नसतो, आतलं कुणी सांगायला उरत नाही, मग पायलटची चूक म्हणून टाकणं सोपं असतं. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या (एनटीएसबी) लोकांनी या टेपमधल्या आवाजाचं पृथक्करण केलं, तेव्हा अडचण झाली. रोटरचा वेग कमी झाला की आत भोंगा वाजतो. टेपवर भोंगा नव्हता. वेग जवळपास ठीकच होता. म्हणजे सगळं सुरळीत चालू असताना असं काहीतरी घडलं होतं, जे थांबवायला शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरलाही वेळ मिळाला नाही.

हे 'काहीतरी' समजून घ्यायचं तर जरा मागे जायला लागतं.

फ्रँक रॉबिन्सन नावाचा एक अमेरिकन इंजिनियर होता. जन्म १९३०. लहानपणी वर्तमानपत्रात सिकोर्स्कीच्या हवेत तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरचा फोटो बघितला आणि पोरगं त्यातच अडकलं. पुढे सेसना, कामान, बेल, ह्यूज अशा एकेक कंपन्यांत नोकऱ्या केल्या, आणि प्रत्येक ठिकाणी साहेबांना सांगत राहिला की आपण एक छोटं, स्वस्त, साध्या माणसाला परवडेल असं हेलिकॉप्टर बनवूया. कुणी ऐकलं नाही. (ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल.) शेवटी १९७३ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि घरातूनच कंपनी काढली. १९७५ मध्ये आर-२२ पहिल्यांदा उडलं, १९७९ मध्ये सरकारी मान्यता मिळाली.

त्याच्या डोक्यातलं गिऱ्हाईक होतं स्वतःचं हेलिकॉप्टर बाळगणारा माणूस. घरून ऑफिसला, ऑफिसातून शेतावर, असा वापर. त्यामुळे डिझाइनमध्ये एकच ध्यास होता: वजन कमी. रिकामं आर-२२ सुमारे ४०० किलोचं भरतं, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही हलकं. इंजिन छोट्या विमानांत असतं तेच साधं पिस्टनचं. रोटरला पाती दोनच, आणि तीही हलकी.

पण झालं असं की ऑफिसला हेलिकॉप्टरने जाणारे लोक फार निघाले नाहीत. हे मशीन हातोहात घेतलं ते फ्लाइंग स्कूल्सनी. तोपर्यंत शिकवायला बेल-४७ किंवा ह्यूज ३०० असायची, ती घ्यायलाही महाग आणि चालवायलाही. आर-२२ मुळे तासाचा खर्च एकदम उतरला. आणि ज्याने हे बनवलं त्याच्या मनातही नसताना ते जगभरातल्या शिकाऊ पायलटांचं पहिलं हेलिकॉप्टर झालं. आजवर सुमारे पावणेपाच हजारांच्या वर बनली आहेत.

आता हलक्या रोटरची भानगड. घरातला जुना जड सीलिंग फॅन बंद करून बघा, कितीतरी वेळ फिरत राहतो. हलक्या पात्यांचा टेबल फॅन लगेच थांबतो. हेलिकॉप्टरचंही तेच. इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. पायलटने डाव्या हातातला दांडा (कलेक्टिव्ह) लगेच खाली केला की पात्यांचा कोन कमी होतो, खालून वर येणारी हवा पाती फिरवत ठेवते, आणि यंत्र भिंगरीसारखं उतरतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. ही युक्ती हेलिकॉप्टरच्याही आधीची आहे. हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश इंजिनियरचं १९२३ सालचं ऑटोजायरो त्यावरच उडायचं. विमानं वेग कमी झाला की पडतात म्हणून त्याने हा खटाटोप केला होता. (१९३६ मध्ये तो गेला तो मात्र क्रॉयडनला एका प्रवासी विमानाच्या अपघातात. असो.)

कळीचा शब्द आहे 'लगेच'. जड रोटरच्या हेलिकॉप्टरमध्ये 'लगेच' म्हणजे दोन-तीन सेकंद. आर-२२ मध्ये जेमतेम सेकंद-सव्वा सेकंद. ९७ टक्क्यांवर भोंगा वाजतो. रॉबिन्सन कंपनीच्याच ठोकताळ्याप्रमाणे समुद्रसपाटीला ८० टक्क्यांच्या खाली, आणि दर हजार फुटांना एकेक टक्का वर, रोटर 'स्टॉल' होऊ शकतो. म्हणजे पाती फिरत असतात पण हवेला धरत नाहीत. मग यंत्र खाली पडतं, खालून येणाऱ्या हवेमुळे पात्यांचा हवेशी कोन आणखी वाढतो, स्टॉल आणखी गडद होतो. यातून परत येता येत नाही. उंची कितीही असली तरी.

आता या सव्वा सेकंदात नवीन विद्यार्थी बसवा. हेलिकॉप्टर खाली जायला लागलं की त्याचा हात काय करतो? दांडा वर ओढतो. कुणीही ओढेल. वर ओढलं की पाती जास्त हवा कापतात, ओढ वाढते, रोटर आणखी मंदावतो. बरोबर उत्तर उलटं आहे: पडतोय असं वाटत असतानाच दांडा खाली कर आणि इंजिनला जोर दे. हे कागदावर वाचून समजतं. हाताला समजायला कित्येक तास जातात.

आणि दुसरी भानगड पहिलीपेक्षा चमत्कारिक आहे. आर-२२ चा दोन पात्यांचा रोटर खांबाच्या टोकावर सी-सॉसारखा झुलता बसवलेला असतो. हेलिकॉप्टर त्याला लंबकासारखं लटकतं. जोपर्यंत वजन खाली ओढतंय तोपर्यंत रोटर कलला की बॉडीही मागोमाग कलते. पण पायलटने उजव्या हातातला दांडा (सायक्लिक) झटक्यात पुढे ढकलला, तर रोलर कोस्टर उतारावर सुटल्यावर पोटात येतो तसा गोळा येतो, क्षणभर वजन नाहीसं होतं. त्या क्षणी लंबकाची दोरी ढिली पडलेली असते. शेपटीचा पंखा मात्र आपला बाजूला ढकलतच असतो, त्यामुळे बॉडी उजवीकडे लोळायला लागते. माणसाचा हात काय करणार? डावीकडे दांडा. रोटर डावीकडे कलतो, बॉडी उजवीकडेच जात राहते, आणि रोटरचा मधला भाग खांबावर आपटतो. याला 'मास्ट बंपिंग' म्हणतात. खांब तुटतो, किंवा पातं केबिनमध्ये किंवा शेपटीत घुसतं. आर-२२ चा रोटर मिनिटाला साधारण ५३० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ नऊ. पात्याचं टोक ताशी साडेसातशे किलोमीटरच्या वर असतं. तीन-चार फेरे म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतलं काम. बरोबर उत्तर: आधी हलक्या हाताने दांडा मागे घे, वजन परत येऊ दे, मग सरळ कर. उजवीकडे लोळत असताना उजवी-डावी सोडून मागे ओढायचं, हे कुणाच्या मनात आपणहून येईल?

दोन पात्यांच्या झुलत्या रोटरचा हा गुण लष्कराला आधी कळला होता. व्हिएतनामच्या काळातल्या बेलच्या ह्यूई आणि कोब्रा हेलिकॉप्टरांनाही मास्ट बंपिंग व्हायचं. पण ती जड यंत्रं, शिकणारे सैनिक, वर कडक शिस्त. कॅलिफोर्नियातल्या स्कूलमध्ये शनिवारी पैसे भरून तास घ्यायला येणारा डेंटिस्ट हा वेगळा प्राणी.

त्यातही गंमत म्हणजे (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) ज्याला विमान आधीच उडवता येतं तो इथे जास्त धोक्यात. विमानात स्टॉलचा भोंगा वाजला की नाक खाली दाबायचं, हे शेकडो तासांत हाडात मुरलेलं असतं. हेलिकॉप्टरमध्ये भोंगा वाजल्यावर त्याच सवयीने दांडा पुढे ढकलला, की वरचा परिच्छेद सुरू. रॉबिन्सन कंपनीने १९९३ मध्ये यावर खास सूचनापत्रक काढलं: हेलिकॉप्टर उडवणारे विमानाचे पायलट, जास्त जोखीम.

ही सूचनापत्रकं हा या सगळ्या इतिहासाचा माझ्या मते सगळ्यात वाचण्यासारखा भाग आहे. पायलटच्या मॅन्युअलच्या शेवटी ती एकेका पानाची लावलेली असतात. भाषा रोखठोक. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये एक: रोटरचा वेग कमी होऊन झालेले जीवघेणे अपघात. त्याच महिन्यात दुसरं: दांडा पुढे ढकलून वजन घालवू नका, अत्यंत धोकादायक. १९८५ मध्ये आणखी एक, आणि ते थेट शिकवण्याबद्दल आहे. त्याचा आशय असा की प्रात्यक्षिकाच्या आणि अगदी सुरुवातीच्या तासांच्या उड्डाणांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण फारच जास्त आहे. विद्यार्थी हळूहळू चुकत असेल तर अनुभवी इन्स्ट्रक्टर सहज सावरतो, पण विद्यार्थ्याने गोंधळून अचानक मोठा झटका दिला तर कितीही मुरलेला इन्स्ट्रक्टर असला तरी सावरेलच असं नाही.

म्हणजे कंपनी १९८५ मध्येच हे लिहून मोकळी झाली होती. रिचमंडची टेप १९९२ ची.

१९८७ मधलं पत्रक तर इन्स्ट्रक्टरांच्या एका जुन्या खोडीवर होतं. विद्यार्थी छान उडवतोय, आणि इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल बंद करतो: बघू आता काय करतोस! फ्लाइंग शिकवण्यातली ही परंपराच होती. टेक्सासमध्ये फोर्ट वॉल्टर्सला अमेरिकी लष्कराची हेलिकॉप्टरची प्राथमिक शाळा होती, १९५६ ते १९७३. व्हिएतनामला गेलेल्या बहुतेक हेलिकॉप्टर पायलटांचे पहिले तास तिथलेच. तिथे ऑटोरोटेशन पोरांच्या अंगात अक्षरशः घोटून बसवलं जायचं. हीच पद्धत आर-२२ मध्ये नेली, की सव्वा सेकंदातला निम्मा वेळ विद्यार्थ्याच्या दचकण्यात जातो आणि उरलेला इन्स्ट्रक्टरच्या 'आता करेल, आता करेल' मध्ये. पत्रकाचं मथळ्यातलं म्हणणंच असं होतं की न सांगता थ्रॉटल तोडणं प्राणघातक ठरू शकतं. खऱ्या बिघाडाची तालीम करताना माणसं मारायची, हा हिशेब कुणालाच पटणारा नाही, पण कितीतरी वर्षं तो चालत होता.

कॉकपिटमधली रचनाही बघण्यासारखी आहे. आर-२२ मध्ये वजन वाचवायला दोघांना मिळून सायक्लिकचा एकच दांडा आहे, मधोमध. त्याच्या डोक्यावर आडवी दांडी, दोन टोकांना दोन मुठी, आणि ती दांडी तराजूसारखी झुलते. विद्यार्थ्याने आपली मूठ मांडीवर आरामात धरली, की इन्स्ट्रक्टरची मूठ वर हवेत जाते. तिथे हात धरून तासभर बसायचं, आणि गडबड झाली तर त्याच अवघडलेल्या हाताने अर्ध्या सेकंदात ताबा घ्यायचा.

आणि तो इन्स्ट्रक्टर कोण? इथे खरी मेख आहे. अमेरिकेत हेलिकॉप्टर पायलटला बरी नोकरी मिळायला ढोबळ मानाने हजारभर तास लागतात. ते तास स्वतःच्या पैशाने करायचे तर घर विकावं लागेल. मग स्वस्तातला मार्ग म्हणजे दोनेकशे तासांतच इन्स्ट्रक्टर व्हायचं आणि विद्यार्थ्याच्या पैशावर आपले तास भरायचे. त्यामुळे सगळ्यात नवखा विद्यार्थी, सगळ्यात नवखा इन्स्ट्रक्टर आणि सगळ्यात कमी माफ करणारं यंत्र हे तिघे एकाच केबिनमध्ये भेटायचे. आपल्याकडे दोन वर्षांच्या अनुभवाचा पोरगा फ्रेशरला ट्रेनिंग देतो, त्यातलाच प्रकार. फक्त आपल्याला चुकलं तर रोलबॅक मारता येतो.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) शेवटी हात घातला. जानेवारीत आधी वाऱ्याचे निर्बंध आले: ज्यांचा अनुभव आणि प्रशिक्षण अपुरं आहे त्यांनी जमिनीवरचा वारा २५ नॉटच्या वर असताना उडायचं नाही. मार्चमध्ये एक विशेष नियम आला, एसएफएआर ७३. नागरी वाहतुकीत एका कंपनीच्या दोन मॉडेलांसाठी (आर-२२ आणि त्याचा मोठा भाऊ आर-४४) स्वतंत्र कायदा करणं ही दुर्मिळ गोष्ट. या नियमाने सांगितलं की ही हेलिकॉप्टरं हाताळण्याआधी प्रत्येकाने, इन्स्ट्रक्टरनेसुद्धा, ठरावीक धोक्यांचं वेगळं शिक्षण घ्यायचं: रोटरचा वेग, स्टॉल, वजन नाहीसं होणं, मास्ट बंपिंग. आर-२२ मध्ये विद्यार्थ्याला एकट्याने सोडण्याआधी किमान २० तास इन्स्ट्रक्टरबरोबर. आणि शिकवणाऱ्याला हेलिकॉप्टरचे किमान २०० तास, त्यातले ५० आर-२२ चे.

त्याच सुमारास गव्हर्नरही सक्तीचा झाला. आपल्या माहितीतला गव्हर्नर नव्हे, रोटरचा वेग ठरावीक आकड्यावर राहावा म्हणून थ्रॉटल आपोआप फिरवणारं यंत्र. आधी हे काम विद्यार्थ्याला मनगट पिळून करायला लागायचं, बाकी सगळं सांभाळत. पण या यंत्रातही एक मानवी फट आहे. पायलटला हवं तर गव्हर्नरवर मात करता यावी म्हणून ते मुद्दाम सैल ठेवलंय. घाबरलेला विद्यार्थी थ्रॉटलची मूठ घट्ट आवळतो, आणि बिचाऱ्या गव्हर्नरला ती फिरवताच येत नाही. म्हणून आर-२२ च्या इन्स्ट्रक्टरचं अर्धं आयुष्य 'सैल धर, सैल धर' म्हणण्यात जातं.

एनटीएसबीचा विशेष अहवाल २ एप्रिल १९९६ ला आला. त्यात रिचमंडची टेप मध्यवर्ती होती. नेमकं काय घडलं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही हे त्यांनी मान्य केलं, पण जोरदार, अचानक झटका दिल्याने रोटर थेट बॉडीवर येऊ शकतो, आणि वेग व्यवस्थित असतानाही येऊ शकतो, इथवर ते आले. अशा हलक्या, चपळ हेलिकॉप्टरांच्या मान्यतेचे निकषच तपासा, असंही मत मांडलं. म्हणजे दोष फक्त हाताचा नाही, हात आणि यंत्राच्या जोडीचा आहे.

नियमांचा उपयोग झाला. १९९५ नंतर अमेरिकेत या विशिष्ट प्रकारचे अपघात स्पष्टपणे कमी झाले, एफएएने पुढे नियम लांबवताना तेच कारण दिलं. पण माझं वैयक्तिक मत, हे यश जरा विचित्र आहे. यंत्र होतं तसंच राहिलं आणि जगातल्या प्रत्येक नवीन माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वळवायचं ठरलं. सॉफ्टवेअरमध्ये याला आपण 'डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय ना' म्हणतो. सुरुवातीला तर वजन नाहीसं झाल्यावर सावरायचं कसं याचा सराव हवेत करून घेणंही नियमात होतं! नंतर ते काढून टाकलं. आता हे फक्त जमिनीवर, फळ्यावर शिकवतात.

जिथे भूगोल वेगळा तिथे हा उपायही पुरला नाही. न्यूझीलंडमध्ये डोंगर, दऱ्यांतला वारा आणि रॉबिन्सनांची गर्दी. फेब्रुवारी २०१५ मध्ये क्वीन्सटाऊनजवळ लोची नदीच्या भागात एक आर-४४ प्रशिक्षणाच्या उड्डाणावर हवेतच मोडलं. इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी दोघेही गेले. निष्कर्ष मास्ट बंपिंग. २०१६ मध्ये तिथल्या अपघात चौकशी आयोगाने रॉबिन्सनच्या मास्ट बंपिंगला देशाच्या वाहतुकीतल्या सगळ्यात चिंताजनक प्रश्नांच्या यादीत टाकलं.

आपल्याकडे हा किस्सा फारसा ऐकू येत नाही, त्याला कारण आहे. भारतात लष्करी पायलट पिढ्यान् पिढ्या चेतक आणि चीतावर शिकले. नाशिक रोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराची एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल २००३ पासून आहे, तिथेही तीच. मूळ फ्रेंच बनावटीची ही यंत्रं जुनी आहेत, त्यांचे अपघात आणि त्यांच्या तक्रारी वेगळ्या. पण त्यांच्या रोटरला तीन पाती, प्रत्येक आपल्या बिजागरीवर. सी-सॉ नाही, त्यामुळे खांबावर आपटण्याचा हा खास आजारही नाही.

फ्रँक रॉबिन्सन २०१० मध्ये निवृत्त झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये वारला. त्याच्यानंतर कंपनीने आर-६६ आणि आर-४४ ला नवीन शेपटी बसवायला सुरुवात केली. आडवा पंख पूर्वी एकाच बाजूला होता, आता दोन्ही बाजूंना सारखा आहे. वेगात असताना यंत्र उजवीकडे लोळण्याची प्रवृत्ती त्याने कमी होते, असं कंपनी सांगते.